तापाचा मुक्काम

औषध घेतलं की कादंबरीचा ताप उतरायचा आणि औषध संपलं की परत यायचा. सर्दी नाही, खोकला नाही. मग हा ताप दडून बसत होता तरी कुठे? नऊ वर्षांची पोर जिना चढतानाही धापा टाकू लागली, तेव्हा आईने तिला शहरातल्या बालरुग्णालयात आणलं. रक्ताच्या तपासणीत जिवाणू सापडले. आता कित्येक आठवडे शिरेतून औषध घ्यावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दोनतीन दिवसांत ताप उतरला, तशी कादंबरी घरी जायचा हट्ट धरून बसली. सलाईनसाठी हात पुढे करेना.

मग आजोबा आले. आयुष्यभर त्यांनी जिवाणूंचाच अभ्यास केला होता. आधी त्यांनी तिचे गार पडलेले तळवे चोळले. मग खाटेशेजारच्या मैना नावाच्या यंत्रमानवाला तिचं हृदय दाखवायला सांगितलं. मैनेने ध्वनिलहरींनी टिपलेलं चित्र हवेत उभं केलं. मुठीएवढं हृदय धडधडत होतं.

आजोबा समजावू लागले. त्याच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून एक बारीक छिद्र होतं. त्यातून रक्ताची चिळकांडी उडून शेजारच्या झडपेला (रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दाराला) लागायची. तिथलं गुळगुळीत अस्तर खरखरीत झालं होतं. तिच्या किडलेल्या दाढेतून रक्तात शिरलेले जिवाणू नेमके तिथे चिकटले. या आजाराचं नाव एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग).

"म्हणजे माझी दाढ किडली, माझ्यामुळेच झालं?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं बाळा," आजोबा म्हणाले. "असे जिवाणू सगळ्यांच्याच रक्तात अधूनमधून शिरतात आणि शरीर त्यांना हुसकावतं. तुझ्याकडे त्यांना बसायला जागा मिळाली, एवढंच."

झडपेवर एक गाठ डुलत होती. जिवाणूंनी गोठलेल्या रक्ताचं पांघरूण ओढलं होतं. आत रक्तवाहिन्या नसल्याने पांढऱ्या पेशी (शरीराचे शिपाई) तिथे पोचत नव्हत्या. औषधही एकेका थरातून हळूहळूच मुरणार होतं.

कादंबरीने त्या गाठीकडे बोट दाखवलं. "औषध मधेच थांबलं की तळाचे जिवाणू पुन्हा वाढतात. म्हणून ताप परत यायचा ना?"

आजोबांनी मान डोलावली. तिने हात पुढे केला.

काही आठवड्यांनी रक्त स्वच्छ झालं. झडप थोडी गळत होती, ती तपासत राहावी लागणार होती. दाढेवर उपचार झाले होते. छिद्रही पुढे बुजवायचं ठरलं. निघताना आजोबांनी सांगितलं, की त्यांचे विद्यार्थी ते पांघरूण विरघळवणारं औषध शोधताहेत. ते जमलं तर पुढच्या मुलांना इतके दिवस इथे राहावं लागणार नाही.

"मला न्या त्यांच्याकडे," कादंबरी म्हणाली. "माझं हृदय बघायला देईन मी."