प्लग जागेवर होता

घंटा वाजली तेव्हा मास्तर चहा गाळत होते. दारातल्या बाईने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "शोध घेणाऱ्या काकू इथेच राहतात ना?"

"राहतात. मी त्यांचा नवरा. शोध त्या घेतात, चहा मी करतो."

बाईच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मास्तर ओशाळले. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, पण कुठे विनोद करावा आणि कुठे जीभ आवरावी हे काही त्यांना अजून उमगलं नव्हतं.

काकूंची नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्याची. निवृत्त झाल्यावर लोक आपली खाजगी दुखणी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले, आणि मास्तर स्केचची वही घेऊन त्यांच्या मागे फिरू लागले. समोर दिसेल ते हुबेहूब कागदावर उतरवणं मास्तरांचं काम. त्याचा अर्थ काकूंनी लावायचा.

बाई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"परवा माझे वडील गेले. अप्पा. लकव्यामुळे एक पाय ओढत चालायचे. दुपारी पडले, डोकं आपटलं. डॉक्टर म्हणाले, त्याच क्षणी गेले. त्यांना सांभाळायला मावशी आहेत, दिवसभर असतात. शिवाय अप्पांच्या खोलीत कॅमेरा आहे. दादा परगावी असतो, तो फोनवरून अप्पांना बघायचा. पण त्या दिवशी नेमका कॅमेरा बंद होता."

"कोणी बंद केला?"

"दादा म्हणतो, मावशींनी. नेट बंद करून, अप्पांना एकटं टाकून बाहेर गेल्या म्हणतो. आज संध्याकाळी तो पोलिसांत जाणार आहे. मावशींना कामावर पाठवणाऱ्या संस्थेलाही कळवणार आहे. मग त्यांना पुन्हा कोण दारात उभं करेल? काकू, मावशी असं करणार नाहीत. पण दादा खोटं बोलेल हेही मनाला पटत नाही. संध्याकाळच्या आत मला खरं काय ते कळायला हवं."

"खरं आवडेलच असं नाही," काकू म्हणाल्या.

"तरी हवं."

काकूंनी चपला घातल्या. मास्तरांचा चहा तसाच राहिला.

*

अप्पांची खोली म्हणजे घरात शिरताच लागणारी पहिलीच खोली. आतल्या भिंतीशी पलंग, पलंगाला लागून कपाट, कपाटापलीकडे न्हाणीघराचं दार. समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, घराचा मुख्य दरवाजा. दरवाजाशेजारी खांद्याएवढ्या उंचीवर फळी, फळीवर राऊटर, आणि राऊटरला चिकटून मुठीएवढा पांढरा कॅमेरा. त्याचा निळा दिवा शांतपणे जळत होता. मास्तरांनी पेन्सिल काढली.

मावशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. पन्नाशीच्या पुढची, हाडापेराने मजबूत बाई, पण गेल्या दोन दिवसांत पार खचलेली.

"मी कुठ्ठं गेले नव्हते हो. इथेच होते, भांडी घासत. फोनवर गाणी लावली होती."

"फोनच्या नेटवर?"

"माझा रिचार्ज संपलाय. घरातल्या वायफायवरच ऐकते. पडल्याचा आवाज गाण्यात बुडाला असणार. तेवढं माझं चुकलं, ते मी कबूल करते."

"कॅमेऱ्याला हात लावलात?"

"मी? मला त्याची धास्तीच वाटते. मध्येच बोलतो ना तो! म्हणजे दादा बोलतात त्यातून. 'अप्पा, उठू नका.' 'अप्पा, गोळी घ्या.' दुपारची गोळी जहरासारखी कडू, माझ्या हातून कधी घ्यायचे नाहीत. मी आपली वाटीत गोळी ठेवायची, पेला भरायचा आणि आत यायचं. दादांचा आवाज आला की मुकाट्याने गिळायचे. लेकापुढे मांजर, माझ्यापुढे वाघ." बोलता बोलता मावशींना हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले.

"परवाही ठेवली होती?"

"हो. सगळं आवरताना वाटी मीच विसळली. रिकामी होती."

काकूंनी मान डोलावली. "ते पडले होते ती जागा दाखवा."

मावशींनी दाखवली. खोलीच्या मधोमध, डोकं मुख्य दरवाजाकडे. वॉकर पलंगाशी तसाच उभा होता, म्हणाल्या. एरवी वॉकरशिवाय अप्पा पाऊल उचलत नसत.

"तेव्हा कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं?"

"गेलं ना. एरवी निळा दिवा असतो, तेव्हा तांबडा लुकलुकत होता. मला वाटलं, दादा बघतायत. मी त्याच्याकडे बघून ओरडले, 'दादा, लवकर या हो!' " मावशींनी तोंडावर हात दाबला. "कोणी बोललं नाही."

*

बाईचा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहायचा. लोकांनी काढलेले व्हिडिओ जुळवून द्यायचा त्याचा धंदा. खोलीभर तारांचं जंजाळ होतं.

"परवा दुपारी नेट गेलं होतं?" काकूंनी विचारलं.

"छे! मी एवढाली फाइल चढवत होतो, एकदाही अडकली नाही. वर मावशींची गाणी जिन्यातून कानावर. खाली जाऊन ओरडणारच होतो." त्याने पायातली तार बाजूला सारली. "गेलो असतो तर बरं झालं असतं."

"कॅमेरा पहिल्यापासून दरवाजाशीच आहे?"

"नाही, त्याच दिवशी सकाळी हलवला. आधी कपाटावर होता, अप्पांच्या उशाशी. तिथे नेट पोचायचं नाही, सारखा तुटायचा. दादा म्हणाला, राऊटरजवळ ठेव. हलवताना चुकून मागचं बटण दाबलं गेलं आणि सगळं पुन्हा जोडावं लागलं. अप्पा तेव्हा अंघोळीला गेले होते. फोनवर चौकोनी कोड येतो, तो कॅमेऱ्यासमोर धरायचा. धरून धरून हात भरून आला, पठ्ठ्या जोडला जाईना. शेवटी दादाने चूक काढली. घरात दोन नेटवर्क आहेत, एक वेगवान, एक मंद. मी वेगवान निवडलं होतं. कॅमेऱ्याला फक्त मंदच झेपतं."

"मंदवर आणखी कोण असतं?"

"कोणीच नाही. आम्हा सगळ्यांचे फोन वेगवानवर. मंदवर एकटा कॅमेरा."

"आणि राऊटरची सेटिंग?"

"दादाच्या फोनवर. तिकडे बसूनही बदलतो. मला पासवर्ड देत नाही. मी सगळ्याची वाट लावतो म्हणे."

"संध्याकाळी कॅमेरा पुन्हा कोणी जोडला?"

"कोणीच नाही. घरात माणसं जमली होती, कोण त्याच्या नादी लागणार? आपसूकच निळा झालेला दिसला."

जिना उतरताना मास्तर कुजबुजले, "अगं, हाच तो. कॅमेरा ह्यानेच हलवला, ह्यानेच जोडला. मग ह्यानेच तोडला असणार."

"अहो, हळू. जिन्याला कान असतात इथे, गाणी ऐकलीत ना त्याने."

थोरला भाऊ अप्पांच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी वाढलेली. तो काकूंशी अदबीनेच बोलला, पण नजर फळीकडे एकदाही गेली नाही.

"सकाळी धाकट्याने जोडला, थोडा वेळ चालला. न्याहारीनंतर बंद पडला तो संध्याकाळपर्यंत. मला दिवसभर काही दिसलं नाही. नेट बंद करून बाई बाहेर गेली, दुसरं काय असणार?"

"दुपारी अप्पांशी बोललात?"

"कसा बोलणार? कॅमेराच बंद. फोन त्यांना वापरता यायचा नाही."

"आणि कॅमेऱ्यातलं आधीचं चित्रण?"

"त्या दिवसाचं काहीच उतरलेलं नाही."

"किती दिवसांनी घरी आलात?"

थोरल्याने शर्टाची बाही सारखी केली. "बरेच दिवस झाले होते. रोज बघत होतो ना त्यांना."

काकूंनी अप्पांच्या लेकीकडे वळून विचारलं, "तुमच्याही फोनवर हा कॅमेरा आहे?"

"आहे. जेवणाच्या सुट्टीत उघडला होता. ऑफलाइन आहे असं आलं. नेहमीचंच म्हणून मी सोडून दिलं."

*

ऊन उतरायला लागलं तसं काकूंनी सगळ्यांना अप्पांच्या खोलीत बोलावलं. मावशी दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

"नेट बंद नव्हतं," काकू म्हणाल्या. "वर फाइल चढत होती. खाली गाणी चालू होती, आणि मावशींच्या फोनला घरच्या वायफायशिवाय दुसरं नेट नाही. मावशी गाणी ऐकत होत्या हे सांगणारा माणूस वर बसलेला होता. म्हणजे त्या घरातच होत्या."

"मग तिने कॅमेऱ्याचा प्लग काढला असेल," थोरला म्हणाला.

"प्लग काढला की दिवा विझतो. दिवा तांबडा लुकलुकत होता. म्हणजे वीज होती, प्लग जागेवर होता, कॅमेरा आपलं नेटवर्क शोधत होता. मागचं बटणही कोणी दाबलं नव्हतं. ते दाबलं असतं तर पुन्हा कोड दाखवून जोडावा लागला असता. हा आपला आपण जोडला गेला. राऊटर तर वीतभर अंतरावर, तेव्हा नेट पोचत नव्हतं असंही नाही. उरतं एकच. घरातलं मंद नेटवर्क, ज्यावर कॅमेरा एकटाच होता, ते कोणीतरी तेवढंच बंद केलं आणि संध्याकाळी पुन्हा चालू केलं."

मास्तरांनी धाकट्याकडे पाहिलं. काकूंनी मास्तरांकडे पाहिलं.

"आता बघा. घरातल्या कोणाला कॅमेरा बंद करायचा असता तर त्याने काय केलं असतं? हात लांब करून प्लग उपटला असता. इतका द्राविडी प्राणायाम कोण करेल? ज्याचा हात प्लगपर्यंत पोचत नाही तो. ज्याच्या हातात फक्त फोन आहे तो."

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तुम्ही म्हणता कॅमेरा न्याहारीनंतर बंद पडला," काकू थोरल्याला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण दुपारची वाटी रिकामी होती. ती गोळी अप्पा एकाच माणसाच्या सांगण्यावरून घ्यायचे. तो माणूस दुपारी त्यांच्याशी बोलला. बहिणीने सुट्टीत फोन उघडला तेव्हा मात्र कॅमेरा बंद झालेला होता. मधल्या वेळात काहीतरी घडलं, ते तुम्ही पाहिलंत, आणि ते बहिणीच्या दृष्टीस पडू नये म्हणून तुम्ही नेटवर्क बंद केलंत. त्या दिवसाचं चित्रण पुसून टाकलंत. कॅमेरा बंदच होता म्हटल्यावर त्याला कारण लागतं. ते कारण तुम्हाला ह्या बाईत सापडलं."

"दादा?" लेक म्हणाली.

थोरल्याने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती.

"अप्पा त्याच क्षणी गेले, असं डॉक्टर म्हणाले," काकू म्हणाल्या. "पण बंद करताना तुम्हाला ते ठाऊक नव्हतं."

तो वार बसला. थोरल्याची मान खाली गेली.

"मी हाका मारल्या," तो म्हणाला. "कोणी आलं नाही. अप्पा हलत नव्हते. वाटलं, आता ही फोन उघडेल, आता बघेल. बोटांनी काय केलं ते नंतर कळलं. मावशींना घरात पाठवणाऱ्या संस्थेत मी फोन करतो. आत्ताच करतो. आणि पोलिसांत जायचंच होतं, जातो. खरं काय ते सांगून येतो."

त्याने खरंच फोन लावला. सगळ्यांसमोर, अडखळत, मावशींचा काही दोष नाही, त्या घरातच होत्या, मी खोटा आळ घेतला, असं त्याने पलीकडच्या माणसाला दोनदा सांगितलं. मावशी फरशीकडे बघत ऐकत होत्या.

मास्तरांच्या मनात मात्र अजून गाठ होती. त्यांनी आपलं चित्र काकूंपुढे धरलं. "अगं, पण अप्पा इकडे कसे? न्हाणीघर तर तिकडे, मागे."

"तेच विचारते आहे मी मघापासून स्वतःला," काकू म्हणाल्या. "वॉकरशिवाय पाऊल न उचलणारा माणूस वॉकर टाकून दरवाजाकडे धावला. घंटा वाजली नव्हती, दारात कोणी नव्हतं. पण कॅमेरा त्या सकाळपर्यंत त्यांच्या उशाशी होता. त्या दुपारी पहिल्यांदाच तो आवाज दरवाजाकडून आला."

लेक भावासमोर जाऊन उभी राहिली. "काय बोललास तू त्यांना?"

"गोळी घ्या म्हणालो. त्यांनी घेतली. मी म्हणालो, शाब्बास. मग त्यांनी दरवाजाकडे मान वळवली. म्हणाले, 'आलास?' "

"मग?"

"मी सांगायला हवं होतं, अप्पा, कॅमेरा हलवलाय. पण ते इतके खूश दिसले गं. इतके दिवस बघत होतो त्यांना, असे कधी दिसले नव्हते. माझ्याच्याने 'नाही' म्हणवेना. वाटलं, दोन घटका बरं वाटेल त्यांना." त्याने वर पाहिलं. "मी 'हो' म्हणालो."

मावशी चौकट धरून हळूहळू खाली बसल्या आणि मोठमोठ्याने रडू लागल्या. अप्पा गेल्यापासून त्या घरात तसं कोणीच रडलं नव्हतं.