तपासणीचा तारा

शोधदिव्याला चिकटून काजवा बसला आहे. दहा कोसांवरून तो दिसेल का?

"छे!" सहावीतली शाल्मली म्हणाली.

"आणि दिव्याच्याच उजेडाने दिवा विझवला तर?" निशिगंधामावशीने विचारलं.

"मावशी, काहीही हं!"

पण मावशीचं काम तेच होतं. चंद्रावरच्या चार दुर्बिणी एकाच ताऱ्याचा प्रकाश गोळा करून तिच्या केंद्राकडे आकडे पाठवत. प्रकाश लाटांसारखा असतो. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर नेमका बसवला, की तारा विझतो आणि शेजारच्या ग्रहाचा मिणमिणता प्रकाश उरतो. हे व्यतिकरण (लाटांचं एकमेकींत मिसळणं).

उरलेल्या आकड्यांत दुर्बिणींची थरथरही मिसळलेली असते. ती गाळायची 'चाळण' या बोलक्या सॉफ्टवेअरने. त्यासाठी ती आधी एखादा एकटा तारा बघे. त्याच्याजवळ काहीच नाही, म्हणजे तिथे दिसेल तो दोष दुर्बिणींचा. तो वजा करायचा.

सहा वर्षं मावशीच्या ताऱ्याशेजारी एक ठिपका दिसत होता. पुढच्या निरीक्षणाचा अर्ज आज पाचपर्यंत द्यायचा होता. ताऱ्याचं नाव चुकलं, तर अख्खं वर्ष पाण्यात.

"सहा वर्षं तपासणीला घेतलेला तो तारा एकटाच आहे, हे कुणी पाहिलं?" शाल्मलीने विचारलं.

"एकट्या ताऱ्यांच्या यादीत आहे ना."

"आणि यादी कुणी तपासली?"

मावशीने यादी उघडली. वीस वर्षं सगळे त्याच यादीतून तारा उचलत होते. घड्याळात साडेतीन झाले होते.

"चाळण, तपासणीला यादीतल्या वेगळ्या ताऱ्याचे जुने आकडे घे."

"घेते. लाडका ठिपका गेला तर माझ्यावर डाफरू नका."

चाळीस मिनिटांनी ठिपका खरंच गेला. मावशीने अर्ज बाजूला सारला. शाल्मलीला वाटलं, कशाला विचारलं आपण!

"थांबा," चाळण म्हणाली. "मूळ आकडे मी कधीच पुसत नाही. जुन्या ताऱ्याजवळ काही असेल, तर वजाबाकीत त्याचं चिन्ह उलटं होऊन ते आपल्या ताऱ्याजवळ विरुद्ध बाजूला दिसतं, म्हणून तो जुना ताराच नव्याशी ताडून पाहिला. तपासणीच्या जुन्या ताऱ्याजवळच ठिपका आहे, बरोबर विरुद्ध बाजूला. सहाही वर्षं जुळतात."

"म्हणजे ठिपका खरा होता," शाल्मली ओरडली, "पत्ता चुकला होता!"

"ग्रह आहे की मंद तारा, ते पुढच्या वर्षी कळेल," मावशी म्हणाली. पण तिचे डोळे चमकत होते. तिने अर्जातलं नाव बदललं आणि पाचाला दहा कमी असताना तो पाठवून दिला.

"मावशी, यादीत असे एकटे तारे किती आहेत गं?"

"चारशे बारा."

शाल्मलीने खुर्ची पुढे ओढली. "पहिल्याचं नाव सांग."