हुरहूरपट्टी

कोल्हापुरात गवळ्यांच्या कट्ट्यावर उभ्यानं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची रीत टिकून होती, फक्त ग्लास ओठाला लावण्याआधी आता जो तो त्यात कागदाची एक पट्टी बुडवायचा. पांढरी राहिली तर प्यायचं, जांभळी झाली तर गवळ्याची खरडपट्टी काढायची.

ही पट्टी मंगल चौगुल्यांच्या लेकीनं, डॉक्टर ऋतुजानं शोधली होती. त्यामुळे कट्ट्यावर मंगलकाकूंचा रुबाब काही औरच. पिल्लू दुरावलं की आईच्या रक्तात एक द्रव्य उतरतं आणि तिथून ते दुधात येतं; ते असलं की पट्टी जांभळी. ऋतुजा त्याला विरहद्रव्य म्हणायची. लोकांनी मात्र पट्टीला सरळ हुरहूरपट्टी म्हणायला सुरुवात केली.

"भाऊसो, रेडकू कुठं हाय?" काकूंनी एकदा जांभळी पट्टी नाचवत विचारलं होतं. भाऊसो गवळ्यानं मान खाली घातली. रेडकू केव्हाच मेलं होतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून तो ते म्हशीपुढं ठेवायचा, मग ती त्याला चाटायची आणि दूध सोडायची. त्या दिवशी काकू दूध न पिताच परतल्या. जांभळं दूध आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं त्यांनी सगळ्या गल्लीला ठणकावून सांगितलं, आणि पाळलंही.

पुढं ऋतुजा बाळंत झाली, रजा संपली आणि बाळाला काकूंच्या हवाली करून ती प्रयोगशाळेत परतली. तिथंच दुपारी दूध काढून ती बाटली घरी आणायची, दुसऱ्या दिवशी बाळासाठी. पहिली बाटली काकूंनी कोमट केली आणि हाताच्या सवयीनं चार थेंब वाटीत घेऊन पट्टी बुडवली.

पट्टी जांभळी झाली. दुसरी बुडवली, तीही तशीच. काकूंनी घाबऱ्याघुबऱ्या होऊन फोन लावला.

"ऋतू, तुझी पट्टी बिघडलीया बग. तुझ्याच दुधात जांभळी होतीया."

"बिघडली नाही गं आई," लेक म्हणाली. "काल मीच तपासलं."

"अगं, पण ती म्हशीसाठी हाय न्हवं?"

"द्रव्य तेच. पट्टीला शिंगं दिसत नाहीत."

"बाळाला बाधंल?"

"मुळीच नाही. म्हशीचं जांभळं दूध तरी कुणाला बाधलं होतं?"

'सोड ती नोकरी' हे शब्द काकूंच्या जिभेवर आले होते, ते त्यांनी गिळले. लेकीनं हेच काम करावं म्हणून त्या स्वतः तिच्या सासरच्यांशी भांडल्या होत्या.

"मी घिऊन येतो त्याला तिकडं."

"आत बाळं चालत नाहीत. विचारलं मी."

"म्हैस दाव्याला असती गं. तुला कुणी बांधून घातलंय?"

"कुणीच नाही. माझ्या पायांनी येते मी, मला आवडतं हे काम. तरी जांभळीच."

बाळानं टाहो फोडला. काकूंनी त्याला मांडीवर घेतलं, थोडा वेळ बाटलीकडे बघितलं आणि ती त्याच्या तोंडाला लावली. पोर डोळे मिटून पिऊ लागलं. काकूंना भडभडून आलं.

"पितोय?"

"पितोय गं बाई, गटागटा."

"फोन ठेवू नकोस. त्याच्या तोंडाजवळ धर." ऋतुजा म्हणाली. "मघापासून यंत्र लावून बसलेय, थेंब उतरत नव्हता. त्याचं पिणं ऐकलं आणि पान्हा फुटला बघ."

काकूंनी फोन बाळाच्या गालाशी धरला. इकडे बाटली रिकामी होत होती, आणि तिकडे उद्याची जांभळी बाटली भरत होती.