दादाचा एक टक्का

हे घडलेलं आहे. रचून सांगायचं असतं, तर नायक तरी मी जरा बरा निवडला असता.

नायक म्हणजे माझा मावसभाऊ. आम्ही सगळे त्याला ‘अध्यक्ष’ म्हणतो. त्याला ते कौतुक वाटतं, यावरून त्याच्या अकलेचा अंदाज यावा.

वेळ शनिवार संध्याकाळची. जागा मावशीचं दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, पुढे बंद होणारी अरुंद गल्ली. घरात तिघंच. मावशी, तिचा थोरला म्हणजे आमचा दादा, आणि हे धाकटे चिरंजीव.

दादा फ्रीज दुरुस्त करतो. अध्यक्ष निवडणुका घेतो.

खऱ्या नव्हेत हो! खऱ्या मतदानाच्या दिवशी तो दुपारपर्यंत घोरत पडला होता. त्याच्या कॉम्प्युटरवर निवडणुकीचा एक गेम आहे आणि त्या गेमला एडिटर. त्यात मतदारसंघ आपणच आखायचा, उमेदवार आपणच टाकायचे, आणि कोणाला किती टक्के मतं तेही आपणच ठरवायचं. बेरीज शंभर झाली की खालचा लाल आकडा हिरवा होतो. नाही झाली तर सेव्ह होत नाही. दुसरीतल्या पोराला जमेल अशा या बेरजेला तो ‘राजकारणाचा अभ्यास’ म्हणायचा.

त्या संध्याकाळी दादा कामावरून आला आणि दारातूनच म्हणाला, “सोमवारी माझ्याबरोबर चल. मालकांना हाताखाली माणूस हवाय. मी शब्द टाकलाय.”

“मी? फ्रीज पुसायला?”

“पुसायला नाही रे, शिकायला. आईचं वय झालंय. किती दिवस नुसता बसून खाणार?”

झालं! अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोंडावर उत्तर द्यायची धमक नव्हती, म्हणून खुर्ची फिरवली आणि एडिटरमध्ये नवा मतदारसंघ आखला. आपलीच गल्ली, कोपऱ्यापासून टोकापर्यंत. उमेदवार दोन. एक तो स्वतः, दुसरा दादा.

स्वतःला शंभर टक्के.

दादाला शून्य.

आकडा हिरवा झाला. त्याने सेव्ह केलं आणि एकटाच खुदकन हसला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दादाचा आवाज आला. “आई, वाढतेस ना?”

उत्तर नाही...

“आई, अगं...”

भांडी वाजत होती. मावशी स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. फक्त उत्तर तेवढं येत नव्हतं...

अध्यक्ष जेवायला गेला. ताटं दोनच मांडली होती. आई रुसली असेल, असं दादाला वाटलं. हसतहसत त्याने स्वतःचं ताट घेतलं आणि तिच्यासमोर बसला.

मावशीने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.

“हे रिकामं ताट कोणी मांडून ठेवलं?” असं म्हणाली... आणि परत फळीवर ठेवून आली.

दादाचं हसू मावळलं. त्याने तिचा हात धरला. मावशीने हात जरासा चोळला आणि उठून खिडकी लावून घेतली.

“गार वारं सुटलंय,” ती म्हणाली.

वारा नव्हता...

दादा घाबरून खाली धावला. तळमजल्यावरचे मास्तर फाटकात उभे होते. त्याने त्यांना हाका मारल्या. मास्तरांनी त्याच्या तोंडावर फाटक लावलं आणि वळले.

अध्यक्ष वरून गॅलरीतून बघत होता. त्याला दादा दिसत होता. टक्के त्यानेच वाटले म्हणून असेल, मला ठाऊक नाही.

एरवी त्याच्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या मास्तरांनी मान वर केली आणि चक्क हात जोडले. “काय अध्यक्ष, जेवण झालं का?”

मग समोरच्या खिडक्या उघडल्या... एकेक करून सगळ्या... प्रत्येक खिडकीत माणसं, आणि सगळी त्याच्याकडे बघून हसत होती...

दुसऱ्या कोणाची बोबडी वळली असती. या गड्याला बरं वाटलं. हे मला नंतर त्यानेच फोनवर सांगितलं, वर फुशारकी मारत.

सोमवारी दादा कामावर गेला. तिथे सगळं ठीक. माणसं बोलली, मालक ओरडलासुद्धा. संध्याकाळी तो गल्लीच्या कोपऱ्यावरून आत वळला... आणि पुन्हा तो कोणालाच दिसेना. त्याने आणलेली भाजी मावशीने पिशवीतून काढली आणि म्हणाली, “धाकटा माझा किती करतो घरासाठी!”

अध्यक्षाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून दादाने कामावर जाणं सोडलं आणि तो आईच्या मागे मागे फिरत हाका मारत राहिला. त्याचा घसा बसला. त्या घोगऱ्या आवाजाने अध्यक्षाची दुपारची झोप मोडायला लागली, तेव्हा कुठे तो एडिटर उघडून बसला. दया नव्हे हं, झोप!

दादाला टक्के द्यायचे तर स्वतःचे कमी करणं भाग होतं. त्याने पन्नास टाकले. तेवढ्यात खालून कोणीतरी “अध्यक्ष!” अशी प्रेमाने हाक मारली. पन्नासाचे वीस झाले. विसाचे पाच.

शेवटी एक ठेवला. एक टक्का, सख्ख्या भावाला!

परवा दादा माझ्याकडे आला. मी त्या गल्लीबाहेर राहतो, त्यामुळे मला तो दिसला, बोलला, पोटभर जेवला. त्याचं सगळं ऐकून मी तिथल्या तिथे अध्यक्षाला फोन लावला. टक्क्यांचा सगळा प्रताप त्याने आपणहून सांगितला.

“लाज वाटत नाही? अर्धे दे त्याला. नाहीतर मी येऊन तो डबा फोडतो.”

“जनतेचा कौल आहे,” तो म्हणाला. “आणि तू ये ना, खुशाल ये. कोपरा ओलांडलास की तूही माझाच मतदार.”

फोनमधून माणसांच्या हसण्याचा आवाज आला... खूप माणसांच्या...

मी दादाला म्हटलं, “इथेच राहा. त्या घरात आता तुझं काय आहे?”

तो चप्पल शोधत होता. त्याचा चेहरा इतका आनंदी होता, की मला बघवेना.

“नको रे,” तो म्हणाला. “दिवसभर हाका मारल्या ना, की एखाद वेळेस ऐकू जातं तिला. काल तर दोनदा ओ दिली तिने.”

मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. तो आत वळला. त्याच्या चपलांचा आवाज चार पावलं ऐकू आला... मग तोही नाही. समोर रिकामी गल्ली होती.

मी कोपऱ्यावरूनच मागे फिरलो. त्या नालायकाची मला भीती नाही, भेटला तर थुंकेन त्याच्या तोंडावर. पण आत गेलो, दादा समोरून हाका मारत आला... आणि मीच ओ दिली नाही तर?