कावेरीच्या इंजिनाचं वजन

"ताई, माझं इंजिन गेलं!"

सकाळचे आठ वाजले होते. घाटनांदूरच्या वर्कशॉपमध्ये कावेरी रिकाम्या टेबलापाशी उभी होती. रेसच्या इंजिनावरून तिनं रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारसाठी हलकं इंजिन घडवलं होतं. अकराला पुण्याचे कंपनीवाले ते बघायला येणार होते. इंजिन सापडलं नाही, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

अंबाजोगाईच्या गुप्तहेर प्रियदर्शनीताई टेबल न्याहाळत होत्या. त्यांचे सोबती, निवृत्त हवालदार शहादेव, इंजिन उचलायच्या, छताला टांगलेल्या चेनपुलीकडे बघत होते. तिच्यावर कोळ्याचं जाळं जसंच्या तसं होतं.

"मंग काय, उडून गेलं म्हणायचं," ते पुटपुटले.

"वजन किती होतं?" ताईंनी विचारलं.

"कंपनीची अट बासष्ट किलोच्या आत. कालपर्यंत बरोबर बासष्ट भरायचं. रात्री मी आणखी तासलं. आता किती भरंल, मलाबी ठावं न्हाई. त्यांच्यासमोरच काट्यावर ठेवणार हुते."

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या आणखी तिघांकडे होत्या.

जागामालक राजेश्वर अडत्या उखडला. "इंजन म्हंजी चार गड्यांचं काम! मी कावून उचलू?"

लेथवरचा अंगद काल दुपारपासून रात्रभर परळीला बहिणीकडे होता. "बासष्ट किलो, ताई. पाठीवर जाईल की. पर मी इथं न्हवतो."

शहादेवांनी मनातल्या मनात अंगदला बेड्या ठोकून टाकल्या.

तिसरे कावेरीचे वडील, मल्लिकार्जुनअप्पा. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. घराच्या ओसरीवर सोयाबीनची पोती एकट्यानं रचत होते. शेजारच्या वजनकाट्यावर ताज्या तेलाचा डाग होता.

"त्या आठावन्न किलोच्या खेळण्याला मी हात लावला न्हाई," अप्पा गुरकावले.

ताई हसल्या. सगळ्यांना ओसरीवर बोलावून घेतलं.

"चेनपुलीवरचं जाळं मोडलं नाही, म्हणजे इंजिन अंगावर उचलून नेलं. राजेश्वरांना ते चार माणसांचं ओझं वाटतं. अंगदला कालचं बासष्ट ठाऊक आहे. आजचं वजन कावेरीलाही माहीत नाही. मग अप्पा, तुम्हाला अठ्ठावन्न कुणी सांगितलं? या काट्यानंच ना? सोयाबीनच्या काट्याला तेल कशाला लागेल?"

अप्पांची मान खाली गेली. त्यांनी मागचं पोतं बाजूला सारलं. त्याच्या आड इंजिन चकाकत होतं.

"किती भरतंय बघाया पहाटं इथं आणून काट्यावर ठिवलं. लई हलकं लागलं, पोरी. वाटलं, काहीतरी बसवायचं राहिलं. पुण्यावाल्यांम्होरं तुझी फजिती नको, म्हणून दडवलं."

"अप्पा, काही राहिलेलं न्हाई! चार किलो कमी भरलंय! ह्याच्यासाठीच तर झिजले मी!"

अप्पा लेकीकडे बघत राहिले. मग डोळे पुसून त्यांनी इंजिन पोत्यात गुंडाळलं आणि पाठीवर घेतलं. शहादेव हात लावायला धावले.

"सरका, हवालदार. पोरीचं हाय, मीच नेणार."

भर बाजारातून अप्पा वर्कशॉपकडे चालत होते. कुणी न विचारताच सांगत होते, "आठावन्न! फकस्त आठावन्न किलो! माझ्या कावेरीनं बनवलंय!"