डावीकडची जागा

गाण्याचा वर्ग शिलाईच्या खोलीत भरतो. मशिनी भिंतीकडे ढकलायच्या, कापडाचे गठ्ठे टेबलावर चढवायचे आणि दोन रांगांत उभं राहायचं. हाताला, केसांना, सगळ्याला मशीनच्या तेलाचा वास. खिडक्या इतक्या वर की नुसतं आभाळ दिसतं, तेही गजांनी चिरलेलं.

गाण्याची हौस म्हणून मी गेले नव्हते. कार्यक्रमात गाणाऱ्या बायकांना घरच्यांसोबत जाळीशिवाय बसू देतात, एवढं कानावर आलं आणि मी नाव दिलं. शाळेत प्रार्थनेच्या रांगेतून मी पळून जायचे, पुढे शाळाच सोडली. आता तुरुंगात येऊन रांगेत उभी राहते म्हटल्यावर आई जाळीपलीकडे पोट धरून हसली. हसताना तिने बोटं जाळीत घातली. पहाऱ्यावरच्या मॅडम लगेच ओरडल्या, "हात मागे!"

गाण्याच्या शेवटी एक सूर आहे, लांबच्या लांब. एकीच्या छातीत तो मावत नाही. म्हणून गाण्याच्या बाईंनी जोड्या लावल्या. एकीने श्वास घ्यायचा तेव्हा दुसरीने सूर धरून ठेवायचा, मग उलट. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, या बायका श्वासच घेत नाहीत.

"जिच्यापाशी सूर तुटेल, ती कार्यक्रमातून बाहेर," बाई म्हणाल्या. एवढ्या गोड आवाजात म्हणाल्या की माझं डोकंच फिरलं.

माझी जोडीदारीण माझ्या डावीकडे. तिला सगळे भाता म्हणायचे, कारण छाती लोहाराच्या भात्यासारखी. पुढचा दात पडलेला, त्यामुळे श्वास आत घेताना बारीक शीळ वाजायची. माझा दम कमी. मी अर्ध्यात गळपटायचे आणि ती निमूट माझाही वाटा ओढायची.

"मावशी, शीळ नको ना घालूस. हसू येतं मला."

"हस. तुझ्याच्यानं तेवढंच होतंय," ती म्हणायची. "आईला भेटायचंय ना? मग माझी शीळ वाजली की तू श्वास घ्यायचा नाहीस. बाकी मी बघते."

थंडी वाढली तशी ती खोकायला लागली. तिला बाहेरच्या दवाखान्यात नेलं आणि ती तिकडेच वारली. आम्ही जेवत होतो तेव्हा मॅडमनी सांगितलं, 'नळ नीट बंद करा' सांगतात त्याच आवाजात.

पुढच्या वर्गाला बाई म्हणाल्या, "सरक गं डावीकडे. मधे खिंडार दिसतंय."

"दिसू दे."

"अगं, जागा भरायला नको?"

"नाही भरणार!" मी एवढ्या जोरात ओरडले की दारातल्या मॅडम आत आल्या.

बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. "राहू दे. पण सूर तुटला तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

शेवटचा सूर आला. सवयीने मी भात्याचा वाटा तिच्यासाठी सोडला आणि श्वास घेतला. घेतल्यावर कळलं, चुकलं. आता तुटणार.

बाईंचा हात हवेत तसाच होता. डोळे मिटलेले. "अस्सं," त्या म्हणाल्या. "हेच हवं होतं मला."

मला वाटलं, खिंडारापलीकडे उभ्या पोरीने, जिला सगळे चिमणी म्हणतात तिने, सांभाळून घेतलं असेल. मी तिला विचारलं.

"मी कशाला? मला वाटलं तूच," चिमणी म्हणाली. "दम वाढलाय की गं तुझा."

पुढच्या वेळी मी नुसतं तोंड उघडलं, आवाज काढलाच नाही. डावीकडे बारीक शीळ वाजली. मग माझ्या वाट्याचा सूर आला. डाव्या दंडाला ऊब लागली, कुणी खेटून उभं राहिल्यावर लागते तशी.

एक पाऊल सरकले असते तर जागा भरली असती. पण मग सूर तुटला असता आणि आई जाळीपलीकडेच राहिली असती.

मी सरकले नाही.

हळूहळू वर्गाबाहेरही सुरू झालं. ताटं घासताना शीळ यायची आणि माझा श्वास आपोआप थांबायचा. ती संपली की सुटायचा. नियम तोच होता. फक्त शीळ लांबत चालली होती.

कार्यक्रम झाला. सूर तुटला नाही.

मग आई आली. मधे जाळी नाही. एकाच बाकावर आम्ही दोघी, ती उजवीकडे. तिने मला छातीशी धरलं. तिच्या पदराला घरातल्या साबणाचा वास होता.

"अगं, अशी श्वास कोंडून काय बसलीस? घे की."

मी मानेनेच नाही म्हटलं.

घ्यायचाच होता. पण शीळ अजून संपली नव्हती.

आईने माझ्या डावीकडे बघितलं. ओळख नसलेल्या बाईकडे बघून हसतात तसं हसली. मग मला आपल्याकडे ओढून घेत तिने बाकावर जागा करून दिली.