पाचव्या ओळीच्या खाली

"मी आत येत नाही, एजे," झिपारा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "माझ्या कपड्यांना खड्ड्याचा वास येतोय."

सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली ताई, असलेल्या बुरुल जानुझाकोवाने तिला हाताला धरून आत घेतलं आणि चहा ओतला. वास खरोखरच येत होता, चुन्याचा आणि चुन्याखाली दडपलेल्या कशाचा तरी. कोपऱ्यात तळलेल्या कणकेचे बोर्सोक खात बसलेल्या ताश्तानने हातातला तुकडा ताटलीत परत ठेवला.

ताश्तान म्हणजे बावीस वर्षं मिलिशियात, म्हणजे पोलिसांत, काढलेला दांडगा गडी. आता तो बुरुलची गाडी चालवायचा, गावोगाव विचारपूस करायचा आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्याच दिवशी भलत्याच माणसाला दोषी ठरवायचा. बुरुल स्वतः तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. ही म्हातारी खाजगी तपास करते म्हणून नारीन शहरातले लोक तिला हसत, आणि गळ्याशी आलं की तिच्याकडेच येत.

झिपाराच्या गळ्याशी आलं होतं. ती जनावरांची डॉक्टर. चोलोक-बुलाक गावातल्या बारा नंबरच्या कळपात गाभडण्याचा रोग निघाला होता. मेंढ्यांची मेलेली पिल्लं पडतात आणि त्यांना हात लावणाऱ्या माणसालाही तो रोग धरतो. कळपाचा मालक मोल्दोकुल, त्याची मुलगी उल्पेत पाच महिन्यांची गरोदर असताना उघड्या हातांनी अडलेल्या मेंढ्या सोडवत होती. तिचं मूल गेलं, आणि ती गेले तीन महिने तापाने दवाखान्यात होती.

प्रयोगशाळेचं पत्रक मात्र सांगत होतं की वसंतात झिपाराने याच बारा नंबरचं रक्त तपासलं होतं आणि ते स्वच्छ निघालं होतं.

"मी त्या कळपाला शिवलेसुद्धा नाही," झिपारा म्हणाली. "माझ्या पत्रकात चोलोक-बुलाकपुढे सात नंबर होता. सात तर आक-तेके गावाला असतो. मी प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, 'सात आक-तेकेला आहे ना, मग आक-तेकेला जा. मशीनला शहाणपण शिकवू नकोस.' मी गेले. आता म्हणतात, मी मोल्दोकुलकडून लाच म्हणून मेंढा खाल्ला आणि रस्त्याकडेच्या कळपाचं रक्त भरलं. गुरुवारी सुनावणी आहे. पाच वर्षं आत घालतील."

"तुझं पत्रक कुठंय?"

"नमुन्यांबरोबर परत द्यावं लागतं. नियमच आहे तसा."

ती गेल्यावर ताश्तानने निकाल देऊन टाकला. "मेंढा खाल्लाय, एजे."

*

मोल्दोकुलच्या वाड्यात एकही मेंढी उरली नव्हती. मागच्या उतारावर खणलेला खड्डा अजून पुरता बुजवला नव्हता आणि त्यावर कावळे चालत होते. म्हातारा कावळ्यांकडे पाठ करून बसला होता.

मेंढा दिला का, असं विचारल्यावर तो जमिनीवर थुंकला. म्हणाला, द्यायचाच असता तर तपासायला दिला असता. शेजारी कळप विकून रशियात गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, गावात त्याचा एकट्याचाच कळप होता. तरी दर वसंतात डॉक्टरीणबाई म्हणायची, पत्रकात तुझा नंबर नाही.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"सुई टळली तर कोण ओरडतं, बाई?" मग म्हणाला, "लेक ओरडत होती. तिचं ऐकलं नाही."

*

लेक दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. नवरा मॉस्कोत मजुरीला. लग्नाआधी ही उल्पेत प्रयोगशाळेच्याच आकडेविभागात काम करायची. बुरुलने विषय काढताच ती कोपरावर रेलून बसली. इतक्या दिवसांत तब्येतीशिवाय दुसरं काही तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तिने समजावून सांगितलं. पत्रकात नऊ गावं असतात, रस्त्याच्या क्रमाने. चोलोक-बुलाक पाचवं. संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत लिहिलेलं एक फंक्शन प्रत्येक गावातला एक कळप चिठ्ठी टाकल्यासारखा काढतं. दरवर्षी नूरूझची, म्हणजे वसंतातल्या नववर्षाची, तारीख देऊन ते सुरू करतात, म्हणजे पुन्हा कधीही चालवलं तरी तेच कळप निघावेत आणि कुणाला लबाडी करता येऊ नये.

"गावात दोन-तीन कळप असले की ते बरोबर चालतं. पण यादीत एकटा बाराच उरला, की त्या भाषेला वाटतं, एक ते बारामधला कुठलाही आकडा काढायला सांगितलंय. तिची ती जुनी खोड आहे, शिकलेल्यांना माहीत असते. मला दिसली, कारण गाव माझं होतं. मी साहेबांना दुरुस्ती सुचवली."

तिने फोनवर ते पत्र दाखवलं. दोनच ओळींची दुरुस्ती होती. यादीत एकच कळप असेल तर चिठ्ठी न टाकता तोच द्यावा. खाली साहेबांचं, दुइशेन कादिरोविचचं, उत्तर होतं: 'खोट भाषेत नाही, तुझ्या डोक्यात आहे. घरी जाऊन बापाच्या मेंढ्या मोज.'

बुरुलने फोन असा परत दिला, जणू बोटांना काही लागलं होतं.

"चार दिवसांनी मी आणखी एक पाठवलं," उल्पेत म्हणाली. "पहिल्या दुरुस्तीत माझीच एक चूक राहिली होती. त्याला उत्तरच नाही आलं. मग मी नोकरी सोडली."

बुरुलने ते दुसरं पत्र स्वतःच्या फोनवर घेतलं.

*

प्रयोगशाळेत संगणक सांभाळणारा मिर्लान यंदाच्या जूनमध्ये लागलेला. उल्पेतचं नावही त्याने ऐकलं नव्हतं. बुरुलने त्याला शिक्षिकेच्या सुरात विचारलं, "गावात एकच कळप असेल, तर तू चिठ्ठी कशी काढशील?"

"एक असला तरी काढायचीच, एजे. आकडा नाही, यादीतली जागा काढायची. एका जागेतली एक. सगळ्या गावांना नियम एकच."

दुइशेन कादिरोविचच्या खोलीत मधाचा, अत्तराचा आणि नव्या गालिच्याचा वास होता. त्याने पत्रक आपणहून पुढे सरकवलं. पाचव्या ओळीत ठसठशीत बारा होता.

"माझ्यावर विश्वास नसेल तर मशीनवर ठेवा. नूरूझची तारीख घालून पुन्हा चालवा. बाराच येतो." त्याने खरंच चालवून दाखवलं आणि बाराच आला.

"गावात एकच कळप असला, तर मशीन काय करतं?"

"एकच असेल तर टाकायचं काय त्यात? उचलायचा आणि मोकळं व्हायचं."

"उल्पेत मोल्दोकुलोवाने काही सुचवलं होतं म्हणे. किती पत्रं आली तिची?"

"एक. एकच पुरे झालं." तो हसला. "पोरीला वाटायचं, तिच्या बापाच्या बकऱ्यांसाठी सगळं खातं थांबलंय. आता पडलीय ना दवाखान्यात? हात धुवायचे असतात, एवढं तरी शिकवायचं घरच्यांनी."

बाहेर आल्यावर ताश्तान गाडीला किल्ली लावता लावता थांबला. मग म्हणाला, "एजे, मला हात धुवायचेत."

"आधी नऊ गावं फिरून ये," बुरुल म्हणाली. "यंदा रक्त तपासल्याचा निळा दाखला कुठल्या कळपाकडे आहे, तेवढं लिहून आण. दाखले डॉक्टर जागेवरच देतात आणि मालक ते कुराणाच्या फळीवर जपून ठेवतात. ते कुणाला नव्याने छापता येत नाहीत."

दोन दिवसांनी तो धुळीने माखून परतला. प्रत्येक घरी वाढलेला घोडीच्या दुधाचा कुमीस त्याने नाकारला होता, आणि त्याच्यासारख्या माणसाला हे सोपं नव्हतं.

"सगळे चोर आहेत," त्याने वही आपटली. "झिपारा एकटी नाही. पत्रकाप्रमाणे पहिली चार गावं बरोबर. पाचवं झिपाराचं, त्याचा दाखला आक-तेकेच्या सात नंबरकडे. आणि पुढच्या चारही गावांत पत्रकात एक कळप, दाखला दुसऱ्याकडेच. तीन वेगवेगळे डॉक्टर, तिघांनीही मेंढे खाल्ले."

"कुठली चार गावं म्हणालास?"

"खालची. पाचव्याच्या खालची."

बुरुल उठली आणि नातवाची चुकोची, खेळायच्या हाडांची, पिशवी शोधू लागली.

*

गुरुवारी सकाळी सुनावणीआधी सरकारी वकिलाच्या खोलीत झिपारा, दुइशेन कादिरोविच आणि मिर्लान बसले होते. ताश्तान दाराशी उभा होता. बुरुलने टेबलावर मेंढीच्या घोट्याची नऊ हाडं ओळीने मांडली.

"नूरूझची तारीख दिली की मशीनपुढे ही ओळ मांडली जाते. तारीख तीच, तर ओळ तीच. पहिलं गाव पहिला चुको उचलतं, दुसरं दुसरा. वसंतात चोलोक-बुलाकनेही आपला पाचवा चुको उचलला. फक्त त्या खोडीमुळे त्यातून बाराऐवजी सात निघाला. झिपारा सातकडे गेली."

"हे ती म्हणते," दुइशेन म्हणाला.

"हो. म्हणून आपण तिला खोटी धरू. तर मग पत्रकातली फक्त तिचीच ओळ दाखल्याशी जुळायला नको. पण खालच्या चारही जुळत नाहीत. चार गावं, तीन डॉक्टर, आणि सगळे नेमके झिपाराच्या खालीच चोर. वरचे सगळे साधू."

वकिलाने वही आणि पत्रक शेजारी शेजारी ठेवलं.

"आता समजा, नंतर कुणीतरी फंक्शन दुरुस्त केलं," बुरुल म्हणाली. "एकच कळप असेल तर चिठ्ठी टाकायची नाही, उचलायचा आणि मोकळं व्हायचं. मग पाचवं गाव चुको घेतच नाही." तिने पाचव्या हाडावर बोट ठेवलं. "हा सहाव्याला जातो. सहाव्याचा सातव्याला. खालचं सगळं एकेक घर सरकतं. हे पत्रक वसंतातलं नाही. कळपाचा रोग उघडकीला आल्यावर फंक्शन बदलून नव्याने छापलेलं आहे."

"मशीन मिर्लानच्या ताब्यात असतं," दुइशेन लगेच म्हणाला.

झिपाराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो इतका हलका निघेल असं तिलाही वाटलं नसावं.

"मिर्लानने हे केलं असतं ना, तर आपण कधीच पकडू शकलो नसतो," बुरुल शांतपणे म्हणाली. "एक असला तरी चिठ्ठी काढायची, असं तो म्हणतो. त्याच्या दुरुस्तीत पाचवा चुको पाचव्या गावालाच लागला असता, बारा निघाला असता आणि खालची एकही ओळ हलली नसती. ही दुरुस्ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. उल्पेतची, शब्दन् शब्द. ती एकाच माणसाला पाठवली होती, आणि त्याने तिला उत्तर दिलं होतं, की खोट तुझ्या डोक्यात आहे."

दुइशेन कादिरोविच रुमालाने पत्रकाची कड पुसत होता.

"ज्या पोरीला हाकललंत, तिचंच लिहिलेलं चोरून दुसऱ्या बाईला तुरुंगात घालायला निघालात," बुरुल म्हणाली. "मी शाळेत खूप कॉप्या पकडल्या, दुइशेन कादिरोविच. मूर्ख पोरं चुकीसकट उतरवतात. तिने ती चूक चार दिवसांनी स्वतःच कळवली होती. ऐका. 'साहेब, माझ्या पहिल्या सुचवणीत खोट आहे. एकच कळप असला तरी चिठ्ठी टाकलीच पाहिजे, नाहीतर खालच्या सगळ्या गावांचे कळप बदलतील.' तुम्ही ते उघडलंच नाहीत. उघडलं असतंत तर आज घरी गेला असतात."

वकिलाने पेन खाली ठेवलं आणि दारातल्या शिपायाला हाक मारली. जाताना दुइशेनने ताश्तानपुढे हात केला, जुन्या ओळखीने. ताश्तानने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

*

संध्याकाळी बुरुल दवाखान्यात गेली. झिपारा सुटल्याचं तिने सांगितलं. मिर्लानने दुसरं पत्र वाचून फंक्शन दुरुस्त केलं होतं आणि खाली उल्पेतचं नाव लिहिलं होतं, तेही सांगितलं.

उल्पेत अंथरुणात उठून बसली.

"त्याला आणखी एक सांगा, एजे. आता आमच्या गावात बारा नंबरही नाही. यादीत शून्य कळप असला, तर ते फंक्शन पाचव्या ओळीवरच अडकेल आणि खालच्या गावांचं पत्रक निघणारच नाही." तिने उशीखालून फोन काढला. "थांबा. मीच लिहून देते."